बहीण लागस

मागच्या आठवड्यात माझ्या नातीने मराठीचं पुस्तक माझ्या मांडीवर आपटलं. "आजी, 'लागणे'चा वाक्यात उपयोग. पाच वाक्यं सांग." मी म्हटलं, पाच काय, पन्नास घे. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, दिवा लागतो, लग्न लागतं, नाद लागतो. भाजी पातेल्याला खाली लागते. आणि मामी, मावशी, चुलत सासू, ह्याही आपल्याला लागतातच. नात लिहिता लिहिता थांबली.

"म्हणजे मावशी पण भाजीसारखीच चिकटते?"

मी तिला म्हटलं, पोरी, हा प्रश्न विचारायला तुला जरा उशीर झाला. उत्तर देणारी बाई दीड वर्षापूर्वी इथून गेली.

त्या बाईचं नाव द्वारका. सगळे द्वारकाक्का म्हणत. शिक्षण चौथी, तेही तिच्या म्हणण्याप्रमाणे. माझं शिक्षण बी.ए., मराठी विषय घेऊन. आमच्या दोघींत 'लागणे' हे क्रियापद कोणी कोणाला शिकवलं, ते पुढे येईलच.

आम्ही इंदिरानगरला राहायला आलो तेव्हा इथे घरं कमी आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड जास्त होते. चार घरांची एक रांग, समोर मातीचा रस्ता, पलीकडे कोणाचा तरी कोबी. आमच्या ह्यांना सातपूरला कारखान्यात नोकरी. मी तेवीस वर्षांची, पुण्याची आणि बी.ए. तिन्ही दुखणी एकाच वेळी. लोकांच्या बोलण्यातल्या चुका माझ्या कानाला टोचत, आणि त्या तिथल्या तिथे काढल्या नाहीत तर मला अन्न गोड लागत नसे. भाजीवालीला मी आणि-पाणी, न-णचे धडे देत असे. ती मला शिळी मेथी देत असे.

रांगेतल्या शेवटच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन दोन बायका आल्या. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, मंगल. एक बाई तिशीतली, उंच, काळीसावळी, पायात चाकं लावल्यासारखी चालणारी. ही द्वारकाक्का. दुसरी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, चणीने बारीक, उजव्या कानाने बहिरी. ती येसू. दोघींची कपाळं मोकळी. मी पहिल्याच दिवशी, सामान उतरत असतानाच, चौकशीला गेले.

"ह्या तुमच्या कोण?"

"बहीन लागस," द्वारकाक्का डोक्यावरची ट्रंक न उतरवता म्हणाली. ती सटाण्याकडची. तिकडच्या अहिराणीत लागते म्हणजे लागस, आहे म्हणजे शे आणि माझी म्हणजे मनी. एवढं मला कळत होतं. पण कळणं आणि गप्प बसणं ह्या वेगळ्या गोष्टी.

"लागस नाही, लागते," मी म्हटलं. "आणि बहीण लागत नाही. बहीण असते. 'लागते' हे लांबच्या किंवा जोडलेल्या नात्याला म्हणायचं. चुलत सासू लागते, जाऊ लागते. ही माझी सख्खी बहीण *आहे*, असं."

तिने ट्रंक खाली ठेवली. माझ्याकडे पायापासून केसापर्यंत पाहिलं.

"मास्तरीण शे का तुम्ही?"

"नाही."

"नही झाल्या ते बरं झालं."

त्या दिवसापासून मी तिची मास्तरीण. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण मास्तरीण काही सुटली नाही.

द्वारकाक्का घरोघरचं वाळवण करून द्यायची. पापड, सांडगे, आणि मुख्य म्हणजे कुरडया. नाशकात राहून तिची बोली मधे मधे इकडची झाली होती. कडा तेवढ्या अहिराणी राहिल्या. दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली की उठायचं नाव नाही. आणि तिच्याकडे काही मागायला जावं तर चिमूटभर हळदीलाही बाई दहा वेळा विचार करी. कोणी लाडू दिला तर अर्धाच खाई, अर्धा पदराच्या गाठीत. मी रांगेतल्या बायकांत तिचं नाव 'चिकटबाई' पाडलं. चिवटपणे बसणारी आणि हात न सुटणारी, 'चिकट' ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच बाईत सापडले, ह्याचा मला केवढा भाषिक आनंद झाला होता! चार-आठ दिवसांत नाव तिच्या कानावर गेलं. मग ती दारात येऊन स्वतःच ओरडू लागली, "मास्तरीणबाई, चिकटबाई ऊनी वं! दार उघड." ऊनी म्हणजे आली. सगळी रांग ऐके. मी दार उघडताना कुठे बघू ते मला कळत नसे.

पदरातला तो अर्धा लाडू येसूसाठी असतो, हे कळायला मला वर्ष लागलं. येसूला एकटीला घराबाहेर पडवत नसे, त्यामुळे तिला कोणी काही देत नसे. म्हणून द्वारकाक्का बाहेर पूर्ण असं काहीच खात नसे.

घरात मात्र दोघींची दिवसभर भांडणं. मिठावरून, झाडूवरून, कोणी पाणी जास्त सांडलं त्यावरून. "मरत बी नही तू!" असं द्वारकाक्काने ओरडावं आणि येसूने चांगल्या कानावर हात ठेवून हसावं, म्हणजे ओरडणारीची हवाच निघे. जेवायला एकच ताट. रस्त्याने चालताना द्वारकाक्का नेहमी तिच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाकडे. वाहन डावीकडून येवो की उजवीकडून, बाजू बदलायची नाही. "ती माझं ऐकस, मी गाड्यांचं ऐकते," असा हिशेब.

एकदा मी दोघींना घेऊन शालिमारला गेले, येसूला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला. परतताना रिक्षावाले शेअर रिक्षासाठी प्रवासी गोळा करत होते. "द्वारका, द्वारका! चला द्वारका!" द्वारका हा आमचा नाशिकचा मोठा चौक. दोन-तीन रिक्षावाल्यांनी एकदम हाळी दिली, तशी द्वारकाक्का कमरेवर हात ठेवून थांबली.

"काय रे भो, काय काम शे?"

"द्वारका जायचं ना, मावशी? बसा."

"मीच द्वारका. मी कुठे जाऊ?"

रिक्षावाले खो खो हसायला लागले. एकाने दार धरल्यासारखा हात केला. "मग तर बसाच. तुमचीच गाडी आहे."

"नही," ती म्हणाली. "सगळे मलाच बोलावता. हिले कोणी बोलावत नही. येसू, येसू, असं म्हणा, मग बसतो."

आणि त्या रिक्षावाल्याने, देव त्याचं भलं करो, भर शालिमारला "येसू, येसू, चला येसू!" अशी आरोळी ठोकली. येसूच्या डाव्या कानात ती गेली. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि नवरीसारखी लाजली. मी दूर उभी होते, ह्या बायका माझ्याबरोबरच्या नाहीत असा चेहरा करून. माझा तो चेहरा आज आठवला की एक चापट मारावीशी वाटते.

ह्यानंतरच्याच उन्हाळ्यात मी ती गोष्ट केली.

त्यांच्या गावाकडची एक म्हातारी दोन दिवस मुक्कामाला आली होती. नळावर मी तिला सहज विचारलं, ह्या दोघी किती भावंडं? म्हातारी हसली. "भावंडं कशाची वं? सवती शे त्या. येसू पहिली, द्वारका दुसरी. नवरा मेला तवापासून संगं राहतस." मी बादली अर्धी भरलेली तशीच उचलून शेजारणीकडे गेले. फक्त एकीलाच सांगितलं. संध्याकाळपर्यंत चार घरांना, आणि कोबीवाल्यालाही, माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाक्काचा निरोप आला. येसूचा खांदा धरलाय, चीक हाटायला ये.

ज्यांनी कुरडया घरी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे. खाली बसतो तो पांढरा दाट चीक. उकळत्या पाण्यात तो एकीने ओतायचा आणि दुसरीने लाकडी चाटूने सारखा हाटत राहायचा. एकदा सुरू केलं की हात थांबवायचा नाही. थांबलात की चीक तळाला लागला, आणि करपट वास सगळ्या कुरडयांना. म्हणजे त्या अर्ध्या तासात हाटणारी बाई कुठेही पळून जाऊ शकत नाही. द्वारकाक्काला हे माहीत होतं.

मी चाटू हातात घेतला. तिने ओतायला सुरुवात केली.

"आता ऐक," ती म्हणाली. "तू म्हणाली ते खरं. बहीण असते. ती नही शे. ती लागस."

मी हाटत राहिले.

"मी सोळाची होती. येसूला मूल होईना म्हणून सासूने मला आणली. आठ दिवस नही झाले, मला असाच चीक हाटायला बसवली. माझं ध्यान माहेरच्या रस्त्यावर. चीक लागला खाली. घरभर वास. सासू आत आली तवर येसूने माझ्या हातातला चाटू ओढून घेतला. म्हणे, माझ्या हातून लागला. सासू काय बोलली, माहीत शे? म्हणे, हिला फळ लागत नही, हिच्या पातेल्याला मात्र बरं लागस! मी तिथंच उभी."

"मग?"

"मग काय, सगळे जेवल्यावर दोघी मागल्या दारी बसलो आणि तळाची खरवड खाल्ली. सासूने फेकू दिली नही ना. येसू म्हणे, गोड लागस. खोटारडी. कडूजहर होती. हात थांबवू नको वं!"

मी थांबवला होता. पुन्हा फिरवायला लागले.

"नवरा गेला. तेराव्याला दीर म्हणाले, तू पोरीची आई, तू राहा. ही आमची कोण लागते? हिच्या माहेरचे बी आले होते. तेही नेईनात. ती उंबऱ्यात बसलेली, चांगला कान भिंतीकडे करून. ऐकू येऊ नये म्हणून. मी म्हटलं, मनी बहीन लागस. आणि गाडीत बसवून इथं आणली." तिने भांड्यातला शेवटचा चीक निपटून ओतला. "मला चिकट म्हण, काय बी म्हण. पण हे गाव तरी हिला 'कोण लागते' म्हणून विचारणार नही, असं मला वाटलं होतं. पोर मोठी होती शे. उद्या घरमालक बोलेल, परवा पोरगीच बोलेल. मला दुसरं भ्या नही. हिले माझ्यापासून कोणी काढू नये, एवढंच."

मी रडायला लागले. धूर होता, पण धुराने नव्हे.

"पातेल्यात नको," ती म्हणाली. "मीठ मी आधीच टाकलेलं शे."

चीक थोडा लागलाच. तो अर्थात माझ्या हातून. तिने तळ खरवडला आणि वाटीत साखर-दूध घालून ते माझ्यापुढे ठेवलं. येसू कौतुकाने बघत होती. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, गोड लागतंय. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की मला काय झालं तेच कळेना.

घरमालक बोलला नाही. रांगही हळूहळू गप्प झाली. बायका कितीही बोलल्या तरी कुरडया कोणाला तरी करून हव्याच असतात. पण भ्या होतं ते होतंच. ते बारा वर्षांनी मंगलच्या पहिल्या स्थळाबरोबर आत आलं.

मंगल वीस वर्षांची झाली होती. स्थळ सटाण्याकडचंच, चांगलं, शिकलेलं. मध्यस्थाने द्वारकाक्काला सुचवलं की पाहायला येतील त्या दिवशी 'त्या बाईंना' शेजारी ठेवा. शेजारी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात. द्वारकाक्का म्हणाली, "ती आठेच बसी." ती इथेच बसेल. आणि खरंच तिला मधल्या खोलीच्या दाराशी, नवं लुगडं नेसवून, पाटावर बसवलं.

मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. माझ्याकडे काम फक्त पोहे देण्याचं. पण मुलाच्या आईने येसूकडे पाहून "ह्या कोण?" म्हटलं, मंगल "मावशी" म्हणाली, आणि मला वाटलं, मावशी म्हणणं जरा तोकडं पडलं. आपण मदत करावी. मी म्हटलं, "सख्खी मावशी हो! पाठोपाठच्या बहिणी."

मुलाचा मामा सरसावून बसला. "अस्सं? माहेर कोणतं ह्यांचं?"

द्वारकाक्काचं माहेर मला माहीत होतं. पण त्या गावात चौकशी केली तर भानगड होईल, म्हणून मी चलाखी केली. एकदा गाडीच्या पाटीवर वाचलेलं नाव ठोकून दिलं. "पिंपळवाडं."

"पिंपळवाडं?" मामांचा चेहरा उजळला. "अहो, माझी सासुरवाडी! कोणाच्या घरच्या?"

"पाटलांच्या."

"तिथं अर्धं गाव पाटील. कोणत्या पाटलांच्या?"

"मोठ्या," मी म्हटलं.

पुण्यात जन्मलेल्या माणसाने कसमादेतल्या, म्हणजे सटाण्याकडच्या, माणसाला नात्याबाबत खोटं सांगू नये. तो तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या पणजोबापर्यंत पोचतो. मामा चौथा प्रश्न विचारणार, एवढ्यात द्वारकाक्काने हातातली ताटली खाली ठेवली.

"राहू द्या, मामा. ही पुण्याची शे, हिला खोटं बी धड येत नही. ती मनी सवत शे."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाची आई बाई वाईट नव्हती. थोड्या वेळाने ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "होतं असं जुन्या काळी. आमची काही हरकत नाही. फक्त लग्नात त्या समोर दिसायला नकोत. आमच्याकडची माणसं विचारतील. नंतर त्यांची कुठे सोय केली तर बरं."

"ती दिसणार नही, तर मी बी दिसणार नही," द्वारकाक्का म्हणाली. "मग तुम्ही लग्न लावाल कोणासमोर?"

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला. ओशाळलेपणाने नमस्कार केले. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

मंगल माझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आईवर रागावली. तिला तो मुलगा आवडला होता. भिंतीपलीकडून मी ऐकलं. भिंतीपलीकडचं ऐकण्याची सवय माझी अजून गेली नव्हती. मंगल रडत विचारत होती, "तुला मी जवळची की ती? सांग ना! तुझी मी मुलगी, ती कोण आहे?"

मग द्वारकाक्काचा आवाज. मी तिला एवढं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तू मनी शेच, माय. मी नको म्हटलं तरी तू मनी शे. ती मी म्हणते तवरच लागस."

मी माझ्या घरात, भिंतीला कान लावून, उभी राहिले. सटाण्याच्या चौथीतल्या बाईने माझं बी.ए. त्या एका वाक्यात गुंडाळून ठेवलं.

दोन वर्षांनी मंगलचं लग्न झालं, सातपूरच्या एका वर्कशॉपमधल्या मुलाशी. त्याला आईवडील नव्हते. तो म्हणाला, मला दोन सासवा म्हणजे फायदाच आहे. येसू मांडवात पहिल्या रांगेत बसली. पण मंगलच्या मनात ते मोडलेलं स्थळ कुठेतरी राहिलं असावं. येई-जाई, दोघींना औषधं आणी, पण लहानपणापासून घरात येसूला 'मोठी माय' म्हणत आली होती, ते तिने सोडलं. नुसतं 'त्या' म्हणे.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. कोबी गेला, तिथे सात मजले उभे राहिले. आमची चार घरांची रांग मधे उरली. मी म्हातारी झाले, त्या दोघी माझ्या आधी झाल्या.

येसूचं विसरणं आधी भाजीच्या नावांपासून सुरू झालं. मग माणसं गेली. शेवटी ती सकाळी उठून समोर बसलेल्या द्वारकाक्काला विचारू लागली, "तू कोन शे वं?"

पहिल्या दिवशी द्वारकाक्काचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिने धंदाच काढला होता.

"तू कोन शे वं?"

"तुनी सासू. चहा पी मुकाट्यानं."

येसू झटकन डोक्यावर पदर घेई आणि चहा पिई. एखाद्या दिवशी उत्तर असे, "कलेक्टर शे मी. तुझी गोळी तपासायला आलो." एकदा मी दारात उभी असताना ती म्हणाली, "तुना नवरा."

येसूने तिला निरखून पाहिलं. "तो तं काळा व्हता."

"मी कुठं गोरी शे?"

येसूला ते पटलं.

मी विचारलं, "द्वारकाक्का, वाईट नाही वाटत गं?" ती येसूच्या पायाला तेल लावत होती. म्हणाली, "साठ वर्षं एकच नातं चालवलं. आता रोज नवं लागस. मजा शे."

मजा नव्हती, हे मला दिसत होतं. ती पाठ वळवून डोळे पुसायची आणि पुन्हा कलेक्टर व्हायची.

मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात द्वारकाक्का न्हाणीत पडली. मांडीचं हाड गेलं. दवाखान्यातून पाय बांधून घरी आली तेव्हा तिला उठता येईना, आणि येसूला एकटं सोडता येईना. मंगल आठ दिवस इथे राहिली. तिचेही गुडघे गेलेले, पन्नाशी उलटलेली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, आईला सातपूरला नेते. त्यांच्यासाठी त्र्यंबक रस्त्याला एक वृद्धाश्रम पाहिलाय. लोक चांगले आहेत. माझ्याने दोघींचं नाही होणार हो. त्यांना तरी कुठे काय कळतंय?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. दोन खोल्या, दुखरे गुडघे, आणि अंथरुणावरच्या दोन म्हाताऱ्या. मी द्वारकाक्काजवळ जाऊन बसले. म्हटलं, मी बोलू का मंगलशी?

"तू नको," ती म्हणाली. "तू बोललीस की पाहुणे उठून जातस."

मग छताकडे बघत म्हणाली, "पोरीचं बरोबर शे. एकदा तिचं मी मोडलं. दुसऱ्यांदा काय तोंडाने मागू?"

रविवारी सकाळी जावई गाडी घेऊन आला. द्वारकाक्काला दोघांनी उचलून अंगणात खुर्चीवर बसवलं. येसू आत कॉटवर होती; तिला दुपारी आश्रमाची माणसं न्यायला येणार होती. तोवर तिच्याजवळ मी थांबायचं, असं ठरलं. गाडीत बसण्याआधी द्वारकाक्का म्हणाली, मला एकदा आत न्या.

खुर्ची उचलून कॉटजवळ ठेवली. ती येसूच्या डाव्या कानाशी वाकली.

"अक्का, मी जास वं."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला येसूला 'अक्का' म्हणताना ऐकलं.

येसूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओळख नव्हती. पण आलेल्या बाईशी नीट बोलावं, हे तिच्या हाडात होतं. "जा बाई," ती म्हणाली. "संभाळीसन जा. पन जराशी थांब. मनी द्वारका येऊ दे, मंग जा."

"द्वारका कशाला?" द्वारकाक्काने विचारलं.

"मी एकली दिसनू तं ती घाबरी जाई," येसू म्हणाली. "तिले मन्हाबिगर कोनी नही शे."

जावई दाराकडे बघायला लागला. मी माझ्या पायांकडे. मंगल औषधांची पिशवी हातात धरून उभी होती. ती पिशवी तिने खाली ठेवली. कॉटखाली वाकून येसूच्या चपला शोधल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर तशीच बसली आणि एकेक तिच्या पायात चढवली.

"मोठी माय, ऊठ," ती म्हणाली.

"कुठं?"

"द्वारका सातपूरला शे. तिकडेच जायचंय."

येसू लगेच उठली.

मागच्या सीटवर दोघी. द्वारकाक्काचा बांधलेला पाय आडवा, येसूच्या मांडीवर. पाय कोणाचा आहे ते येसूला ठाऊक नव्हतं, पण तिने त्यावर शाल ओढली. पुढे मंगल रुमालाने नाक पुसत बसली होती आणि जावयाला उगाचच सांगत होती, आरसा नीट कर, आरसा नीट कर.

मी खिडकीशी गेले. माझ्याही गुडघ्याचं ऑपरेशन त्या उन्हाळ्यात व्हायचं होतं, तरी सातपूर काही लांब नाही, येईन, असं मी म्हणत होते. नाही जमलं. त्यानंतर त्यांची गाठ फोनवरच.

गाडी सुरू झाली तशी येसूने काचेबाहेर हात काढून माझं मनगट धरलं.

"बाई, मनी द्वारका आठे ऊनी तं तिले सांग. येसू सातपूरले गयी म्हना. घाबरू नको म्हना."

मी द्वारकाक्काकडे पाहिलं. ती येसूच्या पलीकडून, तिच्या डाव्या खांद्यावरून डोकं पुढे काढून माझ्याकडेच बघत होती. डोळे भरलेले आणि ओठांवर तो कलेक्टर झाल्यावरचा मिस्किलपणा.

"सांगशी ना वं तिले?" द्वारकाक्का म्हणाली. "लवकर ये म्हनावं."

"सांगते," मी द्वारकाक्कालाच म्हटलं. "आली की लगेच धाडते."

येसूने समाधानाने माझं मनगट सोडलं.